कपावरचा हात

कोडी घालणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. त्याला ऐकणारं कुणीतरी लागतं. बोलेस्लाव गव्रोन्स्कीला, घरच्यांच्या बोलेकला, ही खोड लहानपणापासून होती. ती सोडली तर नवऱ्यात काही वावगं नाही, असं त्याची बायको यानिना चारचौघांत सांगायची. घरात मात्र ती असलं काही बोलून त्याला चढवून ठेवत नसे.

अमेरिकेतलं न्यू ब्रिटन हे कुलपांचं, बिजागऱ्यांचं आणि स्क्रूंचं गाव. बोलेकचे वडील पोलंडहून आले ते थेट कुलपांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. इंग्रजी त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. मुकादमाने शिवी घातली तरी ते हसून मान डोलवायचे, आणि मुकादमाला वाटायचं, हा माझा फार मान ठेवतो. पण रविवारी चर्च सुटलं, टेबलावर कॉफी आणि खसखशीचा केक आला, की म्हातारा राजा व्हायचा. मग कोडी निघायची.

त्या टेबलाचा एक नियम होता. घातलेलं कोडं ज्याने आधी ऐकलेलं असेल त्याने आपल्या कपावर तळहात ठेवायचा आणि गप्प बसायचं. उत्तर सांगायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत, शहाणपणाचं हसायचं नाही. "ऐकलेलं उत्तर सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या कुलपाला चोरकिल्ली लावणं," म्हातारा म्हणायचा. "दार उघडतं रे, पण घर तुझं नसतं."

आणि त्याचं स्वतःचं, लाडकं कोडं होतं कुलपांचंच. दहा पोती कुलपं आहेत. चांगलं कुलूप बरोबर एक पौंड भरतं. पण एका पोत्यातली सगळी कुलपं खोटी, प्रत्येक एकेक औंसाने हलकी. हाताला फरक कळत नाही. काटा आहे, पण त्यावर वजन एकदाच करायला मिळणार. खोटं पोतं कुठलं? बोलेकला ते सुटायला आठवडा लागला होता. पहिल्या पोत्यातून एक कुलूप घ्यायचं, दुसऱ्यातून दोन, तिसऱ्यातून तीन, असं करत दहाव्यातून दहा, आणि सगळी एकदम काट्यावर टाकायची. जितके औंस कमी भरतील तितक्या नंबरचं पोतं खोटं. उत्तर सापडलं तेव्हा तो न्हाणीघरातून तसाच ओल्या अंगाने बाहेर पळाला होता. बापाने त्याला टॉवेल फेकून मारला आणि मग पोटाशी धरलं.

पुढे हेच कोडं त्याने यानिनाला घातलं, पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, नाचाच्या कार्यक्रमात. मुलीला फुलं द्यायची की कुलपांची पोती, एवढी अक्कल त्याला नव्हती. तिने दोन दिवसांनी बेकरीच्या दारात त्याला गाठलं, उत्तर सांगितलं आणि वर म्हणाली, "आता लग्नाचं विचारायचं असेल तर सरळ विचार. दहा पोती मध्ये आणू नकोस."

युद्धात तो पलटणीच्या कार्डखात्यात होता. कुठला शिपाई कुठे आहे, कोण इस्पितळात, कोण गेला, हे सगळं भोकं पाडलेल्या कार्डांवर असे आणि यंत्रं ती कार्डं निवडत. यंत्राने काय करायचं ते एका पाटीवर तारा खोचून ठरवावं लागे. बोलेकला त्या तारा जमल्या. परत आल्यावर हार्टफर्डच्या एका विमा कंपनीत त्याला तेच काम मिळालं, आणि तो रोज बसने हार्टफर्डला जाऊ लागला. तिथे 'बोलेस्लाव' म्हणायला कुणाला वेळ नव्हता. पहिल्याच दिवशी साहेबाने त्याचा 'बिल' करून टाकला.

यंत्रघरात एवढा खडखडाट असायचा की माणसं एकमेकांच्या कानात ओरडून बोलायची. म्हणून जेवणाच्या सुट्टीचं त्यांना फार अप्रूप होतं. खिडकीजवळचं लांब टेबल बिलचं. डब्यात सॉसेज आणि राय धान्याचा काळा पाव, थर्मासमध्ये कॉफी, आणि वर दिवसाचं एक कोडं. रविवारच्या पेपरातली कोडी, पलटणीत ऐकलेली, बापाची, कुणाकुणाची. इतक्या वर्षांत त्याने किती गोळा केली होती देव जाणे. कपावर हात ठेवायचा नियमही त्याने तिथे आणला. आयरिश पोरं आधी खो खो हसली, मग तीही पाळू लागली.

त्यातलाच एक डेस्मंड टिअर्नी. सगळे त्याला डेझ म्हणत. तिशीही न गाठलेला, केसांना तेल लावून चापूनचोपून बसवलेला, आणि जीभ अशी की साखर विकायला बसला असता तर दुकान चाललं असतं. तो बिलच्या शेजारी बसायचा. "म्हाताऱ्या, आज काय शिजवलंयस?" म्हणून डोळे मिचकावायचा. बिलला मूलबाळ नव्हतं. डेझचं ते 'म्हाताऱ्या' त्याला गोड लागायचं, आणि मला विचाराल तर तिथेच पाणी मुरत होतं.

मग एका हिवाळ्यात कंपनीने तळमजल्यावर काचेची खोली बांधायला घेतली. कॉम्प्युटर येणार होता. पाट्या नाहीत, तारा नाहीत. नुसत्या लिहिलेल्या आज्ञांवर चालणारं यंत्र. उन्हाळ्यापर्यंत वरचं यंत्रघर बंद होणार हे उघड होतं. मॅनेजरने सगळ्यांना जमवून सांगितलं, "प्रोग्रॅमर म्हणून आपल्यातलीच माणसं घेणार आहोत. आधी लेखी चाचणी, मग मुलाखत. शिक्षण बघणार नाही, वय बघणार नाही. फक्त डोकं बघणार."

फक्त डोकं बघणार! बिल त्या दिवशी बसमधून उतरला तो जवळजवळ पळतच घरी आला.

"यानिना, ते कोडी घालणार आहेत म्हणे. नोकरीसाठी!"

"मग झालं," ती कणीक मळता मळता म्हणाली. "वीस वर्षं माझं डोकं खाल्लंस, त्याचा पगार मिळणार म्हणायचा."

तो हसला. पण रात्री जेवताना एकदम गंभीर झाला. "नाही घेतलं तर मात्र कठीण आहे गं. तारा खोचण्याशिवाय मला काही येत नाही. आणि तारा उद्या कुणाला नको आहेत."

"घेतील," ती म्हणाली. "तुला नाही घेणार तर कुणाला घेतील?"

त्या महिन्यात बिलच्या टेबलाभोवती जागा मिळेनाशी झाली. ज्यांनी कधी कोड्यात तोंड घातलं नव्हतं तेही डबे घेऊन येऊ लागले. डेझ तर सकाळी लवकर येऊन बसायचा. बिलने हात आखडता घेतला नाही. नऊ नाण्यांतलं हलकं नाणं दोनदाच तोलून कसं काढायचं, एक खरं बोलणारा आणि एक खोटं बोलणारा असे दोन पहारेकरी असले तर वाट कशी विचारायची, सगळं दिलं. बापाची कुलपंही दिली. सहसा तो ती कुणाला देत नसे. डेझला उत्तर येईना. तीन दिवस येईना. शेवटी तो काकुळतीला आला. "सांग ना रे, बाबा. झोप उडालीय माझी." बिलने आयुष्यात पहिल्यांदा उत्तर सांगून टाकलं.

लेखी चाचणीत बिल जेमतेम निभावला. आकड्यांच्या माळा, आकृत्या, हिशेब. वेळ कमी आणि प्रश्न फार. चुकीच्या उत्तराला गुण कापणार होते. प्रत्येक उत्तर दोनदा तपासायची यंत्रघराची सवय त्याला नडली आणि पेपर अर्धवट राहिला. पण जेवढे सोडवले तेवढे बरोबर होते, म्हणून काठावर का होईना तो पार झाला. डेझ त्याच्या कितीतरी वर होता. बिलने त्याची पाठ थोपटली. खरंच आनंदाने थोपटली.

मुलाखती घ्यायला न्यूयॉर्कहून मिस्टर प्रॅट नावाचे गृहस्थ आले होते. मानसशास्त्र शिकलेले, सडपातळ, बो-टाय लावलेले. त्यांनी बजावलं होतं की आतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत, सांगणारा आणि ऐकणारा दोघेही बाद. डेझची मुलाखत सोमवारी झाली. बाहेर येऊन त्याने फक्त अंगठा वर केला आणि बिलच्या नजरेला नजर न देता जिन्याकडे गेला. बिलला वाटलं, पोरगा नियम पाळतोय.

बिलची पाळी शुक्रवारी आली. यानिनाने शर्टाला कांजी केली होती. सेक्रेटरीने त्याच्यापुढे कॉफीचा कप ठेवला. प्रॅटसाहेब सौम्य हसले.

"घाबरू नका, मिस्टर गव्रोन्स्की. उत्तरापेक्षा तुम्ही विचार कसा करता ते मला बघायचंय. मोठ्याने विचार करा. हं, नऊ नाणी आहेत. त्यांतलं एक..."

आणि बिलचा तळहात आपसूक कपावर गेला.

"कॉफी नको का?" प्रॅटनी विचारलं.

"नाही, म्हणजे हो. साहेब, हे मी ऐकलेलं आहे."

"असं! प्रामाणिक आहात. छान. दुसरं घेऊ." प्रॅटनी कागद उलटला. "वाटेला दोन फाटे फुटतात. तिथे दोन पहारेकरी आहेत..."

तळहात पुन्हा कपावर.

"हेही?"

"पलटणीत ऐकलं, साहेब."

प्रॅट खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा पातळ झालं होतं. "बरं. मग हे तुम्ही नक्कीच ऐकलेलं नसणार. कुठल्या पुस्तकात नाही, पेपरात नाही. तुमच्याच एका सहकाऱ्याने स्वतः रचलंय. मी शेवटी सगळ्यांना म्हणतो, आता तुम्ही मला एक घाला. त्याने हे घातलं, आणि खरं सांगतो, मला सुटलं नाही. दहा पोती कुलपं आहेत..."

बिलला पुढचं ऐकू आलं नाही. त्याला बापाचं टेबल दिसलं, खसखशीचा केक दिसला. दुनियेत हे कोडं कुणी नाण्यांचं करत असेल, गोळ्यांचं करत असेल. कुलपांचं फक्त न्यू ब्रिटनच्या पॅकिंग खात्यातला, इंग्रजी न येणारा एक म्हातारा करत होता. हात कपावर होता. तो उचलायचा त्याला सुचलंच नाही.

"मिस्टर गव्रोन्स्की," प्रॅट हळू आवाजात म्हणाले, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या वडिलांनी, साहेब."

"तुमच्या वडिलांनी." प्रॅटनी पेन्सिल खाली ठेवली. "मिस्टर टिअर्नी म्हणतात हे त्यांनी गेल्या महिन्यात रचलं. तुम्ही म्हणता वडिलांचं. दोघांतलं एकच खरं असणार. आणि तीनही प्रश्न तुम्हाला आधीच माहीत. माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?"

आता एवढंच म्हणायचं होतं, डेझने ते माझ्याकडून घेतलं. पण म्हटलं की डेझ खोटारडा ठरून बाद. न म्हटलं की आपण चोर. एकदाच वजन करायला मिळणार होतं, आणि बिलला कळेना काट्यावर काय टाकावं. डेझ त्याच्या टेबलावरचा होता. टेबलावरच्या माणसाची चुगली साहेबाकडे करायची नाही, हे तर त्याच्या बापाने कोड्यांच्याही आधी शिकवलं होतं.

"दोन माणसांना एकच गोष्ट सुचू शकते, साहेब," तो कसाबसा म्हणाला.

"शकते," प्रॅट म्हणाले, आणि त्यांनी एक अगदी नवं, तिथल्या तिथे बनवलेलं कोडं घातलं. आगगाड्या होत्या का बोटी होत्या, बिलला नंतर आठवेना. एरवी सोडवलं असतं. पण डोक्यात कुलपंच कुलपं वाजत होती. घड्याळ चाललं होतं, आणि प्रॅट सांगत होते, "मोठ्याने विचार करा, मोठ्याने." मोठ्याने सांगण्यासारखं बिलच्या डोक्यात काहीच नव्हतं. कांजीचा शर्ट पाठीला चिकटला. शेवटी प्रॅट उठले आणि त्यांनी हात पुढे केला. कपातली कॉफी तशीच होती, वर साय धरलेली.

निकाल मॅनेजरने तोंडीच सांगितला. यंत्रघराचे वाईट दिवस येणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण बिलचं काय होईल याची कुणी कल्पना केली नव्हती. "बिल, तू चांगला माणूस आहेस. तुला काढत नाही आम्ही. तळघरात जुनी कार्डं ठेवायचीत, तिथे कुणीतरी लागेल." मग दाराकडे बघत म्हणाला, "ते प्रश्न फुटल्याचं प्रकरण मी वर जाऊ दिलं नाही. माझ्याकडून एवढंच."

म्हणजे उपकारही झाला. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात, इथे तर लग्नाआधीच नवरी चोर ठरली होती.

घरी त्याने यानिनाला फक्त "नाही घेतलं" म्हटलं. तिने खोदून विचारलं. त्याने सांगितलं. ती संतापली, तिने लाटणं आपटलं. "आता जा आणि त्या न्यूयॉर्कवाल्याला सांग, नाहीतर मी जाते! तुझ्या बापाचं नाव त्या चिकण्याने विकून खाल्लं आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"सांगून काय होणार? तो म्हणेल नापास झाला म्हणून कांगावा करतो."

"मग निदान मला तरी वाटेल की माझा नवरा जिवंत आहे."

तिलाच मग रडू आलं, आणि तो तिच्याशेजारी बसून राहिला. तिचे डोळे पुसायलाही त्याचा हात उठला नाही.

उन्हाळा लागता लागता यंत्रघर रिकामं झालं. यंत्रं भंगारात निघाली. पाट्यांवरच्या तारा उपसून खोक्यात भरायचं काम बिलकडेच होतं. ज्या त्याने खोचल्या होत्या त्याच तो ओढून काढत होता. तिथे एका दुपारी डेझ आला. नवा कोट, गळ्यात टाय.

"बिल, माझ्यावर रागावलायस," तो दारातच म्हणाला. "त्याने विचारलं, हे कुणी रचलं. जीभ घसरली रे. पण तू असं का केलंस? कपावर हात ठेवलास म्हणे! अरे, नऊ नाणी काय, पहारेकरी काय, आम्हा सगळ्यांना तेच विचारलं. दोन मिनिटं डोकं खाजवायचं, हां-हूं करायचं, एकदा मुद्दाम चुकायचं आणि मग उत्तर द्यायचं. सगळ्यांनी तेच केलं."

"सगळ्यांनी?"

"मग काय! खाली आहेत ते सगळे तुझ्याच टेबलावर शिकले. तू होतास म्हणून आम्ही आहोत, म्हाताऱ्या." हे त्याने अगदी मनापासून म्हटलं, आणि तेच वाईट होतं. लबाडीने म्हटलं असतं तर बिलला निदान थुंकता आलं असतं.

"उद्या जेवायला खाली ये," डेझ जाता जाता म्हणाला. "पोरं आठवण काढतात. एखादं नवीन कोडं आण."

बिल गेला नाही. तळघरात तो एकटाच जेवायचा. तिथे यंत्रं नव्हती, आवाज नव्हता, कानात ओरडायला कुणी नव्हतं. रविवारचा पेपर आला की कोड्यांचं पान तो न बघता उलटायचा. यानिनाने एकदोनदा मुद्दाम स्वतःच एखादं कोडं घालून पाहिलं. तो म्हणायचा, "नंतर, नंतर," आणि ते नंतर काही यायचं नाही.

पुढच्या ईस्टरला पॅरिशच्या हॉलमध्ये सगळी मंडळी जमली होती. उकडलेली अंडी, हॅम, तिखट मुळ्याची चटणी, खसखशीचा केक. यानिनाचा भाऊ झिगमुंट चार घोट जास्त झाल्याने रंगात आला होता. मनाने वाईट नाही, पण तोंडाला दार नसलेला माणूस.

"ऐका रे, ऐका! हार्टफर्डला कॉम्प्युटरच्या नोकरीला काय विचारतात ठाऊक आहे? आमच्या शेजाऱ्याच्या जावयाला विचारलं. म्हणाला, हे सुटलं तर नोकरी, नाहीतर घरी. दहा पोती कुलपं आहेत..."

त्याने सगळं सांगितलं. पौंड, औंस, एकदाच वजन. मग तो टेबलाच्या टोकाला वळला. "बोलेक, तू तर कोड्यांचा बादशहा. हे ऐकलंयस का?"

बोलेकचा तळहात टेबलावरून उठला होता. कपाच्या वर क्षणभर थांबला. मग त्याने कपाचा कान धरून तो उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "नाही ऐकलं."

"मग सोडव की!"

त्याने डोकं खाजवलं. हां-हूं केलं. छताकडे बघितलं. सगळे थांबले होते. "नाही बाबा," तो म्हणाला, "मला नाही जमत."

"बघा!" झिगमुंटने टेबलावर थाप मारली. "म्हणूनच घेतलं नाही याला! आणि आम्हाला वाटत होतं, कंपनीचंच काहीतरी चुकलं." सगळे हसले. बोलेकही हसला, त्याचा बाप मुकादमाकडे बघून हसायचा तसाच. मग झिगमुंट उत्तर सांगू लागला. तेही त्याला धड सांगता येईना. पहिल्या पोत्यातून एक, दुसऱ्यातून दोन, आणि मग तो अडकला.

समोर यानिना बसली होती. ती हसली नव्हती. तिने आपला तळहात कपावर ठेवला होता, बोटं घट्ट मिटून.

"काय गं यानिना," झिगमुंट किटली उचलून म्हणाला, "कॉफी नको का?"

ती नवऱ्याकडे बघत होती, आणि नवरा केकच्या ताटलीकडे बघत होता. झिगमुंट किटली घेऊन पुढच्या माणसाकडे गेला, तरी तिने हात काढला नाही.